मराठी फॉन्टचं लिनक्स पॅकेज: नावं, आवृत्त्या आणि बांधणी

फॉन्टच्या पॅकेजमध्ये, म्हणजे लिनक्सवर एका कमांडने बसवता येणाऱ्या गठ्ठ्यात, कंपाइल करण्यासारखं फारसं नसतं, म्हणून नवख्या पॅकेजरला पहिलं काम बहुतेक वेळा हेच दिलं जातं. चार टीटीएफ (फॉन्टच्या) फाइली उचलायच्या, एका फोल्डरमध्ये टाकायच्या, झालं. तक्रारी नंतर सुरू होतात. लिब्रेऑफिसच्या यादीत एकच फॉन्ट तीनदा दिसतो, जुनी कागदपत्रं उघडली की अक्षर बदललेलं असतं, नवी आवृत्ती येऊनही अपडेट होत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ नावात किंवा आवृत्तीच्या आकड्यात सापडतं. म्हणून इथे बांधणीपेक्षा त्यावरच जास्त लिहिलं आहे. नमुन्याला ‘एक टाइप’ या मुंबईच्या फाउंड्रीचा (फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा) ‘मुक्ता’ घेतला आहे आणि डेबियन व फेडोरा या लिनक्सच्या दोन डिस्ट्रोंचे, म्हणजे तयार संचांचे, नियम सोबत दिले आहेत. कमांड, फाइली आणि फील्ड यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर अर्थात ती रोमनमध्येच टाइप करायची.

आधी परवाना

झिप उघडल्यावर पहिली फाइल वाचायची ती परवान्याची. मुक्त फॉन्टांपैकी बहुतेक एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएल १.१ खाली येतात. हा परवाना २००७ सालचा. परवान्याच्या वर दोन-तीन ओळी कॉपीराइटच्या असतात, त्या डोळ्यांत तेल घालून वाचा. तिथे ‘रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम’ असे शब्द आणि पुढे एखादं नाव असेल, तर फॉन्टमध्ये बदल केल्यावर ते नाव वापरता येत नाही. आणि ‘बदल’ची व्याख्या वाटते त्यापेक्षा रुंद आहे: फॉरमॅट बदलणं हासुद्धा परवान्याच्या लेखी बदलच. म्हणजे ओटीएफ या दुसऱ्या फॉन्ट-फॉरमॅटची टीटीएफ करून वाटलीत तरी नाव बदलावं लागेल. कॉपीराइटधारकाची लेखी परवानगी असेल तर चालतं, कलम ३ मध्ये तशी सोय आहे. ती मिळवली असेल तर पॅकेजच्या कॉपीराइट फाइलीत चिकटवून ठेवा. बिटस्ट्रीम व्हेरा या फॉन्टच्या परवान्यातही बदललेल्या फॉन्टला ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘व्हेरा’ म्हणायला मनाई होती. त्यावरून पुढे वाढलेल्या फॉन्टाचं नाव डेजाव्हू आहे ते त्यामुळेच.

डेबियनमध्ये ओएफएलचा मजकूर सिस्टीमच्या सामायिक परवान्यांच्या फोल्डरमध्ये नसतो. त्यामुळे जीपीएल या परवान्यासारखा नुसता हवाला देऊन भागत नाही, पूर्ण मजकूर कॉपीराइट फाइलीत उतरवावा लागतो. फेडोरात परवान्याच्या रकान्यात ‘ओएफएल-१.१’ किंवा, नाव राखीव असेल तर, ‘ओएफएल-१.१-आरएफएन’ असं एसपीडीएक्स (परवान्यांच्या ठरावीक संक्षेपांच्या) पद्धतीने लिहायचं.

फॉन्टच्या पोटातही परवान्याची एक खूण असते: ओएस/२ टेबलातलं (फॉन्टच्या आतल्या माहितीच्या एका तक्त्यातलं) एफएसटाइप. मुक्त फॉन्टात ते ० हवं. २ असेल तर त्याचा अर्थ ‘कागदपत्रात एम्बेड करू नका’ असा होतो, म्हणजे परवाना एक म्हणतो आणि फॉन्ट दुसरंच. बहुतेक वेळा फॉन्ट बनवताना चुकून तसं राहिलेलं असतं. स्वतः दुरुस्त करत बसू नका, मूळ लेखकाला कळवा. राखीव नावाचा फॉन्ट असेल तर तुमची दुरुस्तीही ‘बदल’च ठरेल.

जुने आस्की मराठी फॉन्ट कोणी ‘हेही घाला’ म्हणून पाठवले, तर परवान्यापर्यंत जायचीही गरज नाही, ते घ्यायचेच नाहीत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्टकॉन्फिगला, म्हणजे लिनक्सवर फॉन्ट शोधून देणाऱ्या यंत्रणेला, ते इंग्रजीचे फॉन्ट वाटतात, आणि एखाद्याच्या मशीनवर इंग्रजी मेनू अचानक ‘भ्ल्क’ छाप दिसायला लागतो.

तीन नावं, तीन जागा

एका फॉन्टला निदान तीन नावं असतात: पॅकेजचं, फाइलीचं, आणि फॉन्टच्या पोटातलं कुटुंबाचं. पॅकेजचं नाव माणूस शोधतो. फाइलीचं नाव फारसं कोणी बघत नाही. कुटुंबाचं नाव मात्र प्रत्येक कागदपत्रात, प्रत्येक स्टाइलशीटमध्ये, टेक या मजकूर जुळवणीच्या प्रणालीच्या प्रत्येक फाइलीत कोरलेलं असतं. पॅकेजचं नाव चुकलं तर पुढच्या रिलीजमध्ये सावरता येतं. कुटुंबाचं नाव बदललं तर लोकांचे जुने दस्तऐवज मोडतात. म्हणून आपला हात पहिल्यावर चालवायचा आणि तिसऱ्याला लावायचा नाही.

डेबियनमध्ये नाव ‘फॉन्ट्स-’ने सुरू होतं, मग हवी तर फाउंड्री, मग कुटुंब. उदाहरणं: फॉन्ट्स-लोहित-देव, फॉन्ट्स-एसआयएल-पदौक. पूर्वी ‘टीटीएफ-’ आणि ‘ओटीएफ-’ असे उपसर्ग होते. फॉरमॅट बदलला की नाव खोटं ठरायचं, म्हणून ते सोडले. फेडोरात क्रम उलटा: आधी फाउंड्री, मग प्रकल्प किंवा कुटुंब, आणि शेवटी ‘-फॉन्ट्स’. म्हणून तिकडे एसआयएल-पदौक-फॉन्ट्स, गूगल-नोटो-सॅन्स-देवनागरी-फॉन्ट्स. दोन्हीकडे सगळी अक्षरं लहान, शब्दांमध्ये हायफन, अंडरस्कोर नाही. या हिशेबाने मुक्ताचं पॅकेज डेबियनमध्ये फॉन्ट्स-एकटाइप-मुक्ता आणि फेडोरात एकटाइप-मुक्ता-फॉन्ट्स असं होईल. नाव पक्कं करण्याआधी डिस्ट्रोच्या पॅकेज-संग्रहात शोधून घ्या. दुसऱ्या कोणी तोच फॉन्ट वेगळ्या नावाने आधीच टाकलेला असू शकतो, किंवा टेक लाइव्ह या टेकच्या संचाच्या एखाद्या मोठ्या पॅकेजात तो बसलेला असतो.

एका कुटुंबाचं एक पॅकेज. वजनांप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या जाडीप्रमाणे, फोडायचं नाही. मुक्ताची सात वजनं आहेत, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत. सगळी एकाच पॅकेजात. पण गुजरातीचा मुक्ता वाणी, गुरुमुखीचा मुक्ता माही आणि तमिळचा मुक्ता मलर ही वेगळी कुटुंबं आहेत, त्यांची पॅकेजंही वेगळी. सोर्स पॅकेज (बांधणीची मूळ सामग्री) एकच ठेवून त्यातून चार बायनरी (बसवायची) पॅकेजं काढायला हरकत नाही.

आता पोटातलं नाव. एफसी-स्कॅन ही कमांड फाइलीवर चालवा आणि फॅमिली, स्टाइल, वेट, फॉन्टव्हर्जन या चार ओळी बघा. नावांचं सगळंच टेबल हवं असेल तर फॉन्टटूल्स या साधनसंचाची टीटीएक्स कमांड ‘-टी नेम’ देऊन चालवा. त्या टेबलातल्या नोंदींना क्रमांक असतात, बघायचे एवढेच: १ आणि २ हे जुन्या पद्धतीचे कुटुंब व शैली, १६ आणि १७ हे खरे कुटुंब व शैली, ४ पूर्ण नाव, ५ आवृत्ती, ६ पोस्टस्क्रिप्ट नाव (पीडीएफमध्ये फॉन्ट ज्या नावाने ओळखला जातो ते). क्रमांक १ च्या कुटुंबात फक्त चार शैली बसतात: रेग्युलर, इटॅलिक, बोल्ड, बोल्ड इटॅलिक. म्हणून मीडियम वजनाच्या फाइलीत १ ला ‘मुक्ता मीडियम’, २ ला ‘रेग्युलर’, १६ ला ‘मुक्ता’ आणि १७ ला ‘मीडियम’ असं हवं. १६ आणि १७ राहून गेले की लिब्रेऑफिसच्या यादीत मुक्ता, मुक्ता मीडियम, मुक्ता लाइट अशी स्वतंत्र कुटुंबं दिसतात. उलट, सातही फाइलींत १ ला नुसतं ‘मुक्ता’ आणि २ ला ‘रेग्युलर’ भरलं असेल, तर कोणतं वजन मिळेल याचा नेम नाही. पोस्टस्क्रिप्ट नावात स्पेस चालत नाही, ६३ अक्षरांची मर्यादा असते आणि देवनागरी अजिबात चालत नाही. दोन फाइलींचं पोस्टस्क्रिप्ट नाव सारखं असेल तर पीडीएफमध्ये एकाच्या जागी दुसरा घुसण्याचा धोका असतो.

वजनाचा आकडाही तपासा. फॉन्टच्या पोटात रेग्युलर ४०० आणि बोल्ड ७०० असतं. फॉन्टकॉन्फिग आपल्या मोजपट्टीवर तेच ८० आणि २०० असं दाखवतं. आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरू नका, पण बोल्डच्या फाइलीतही ८० दिसलं तर फाइल चुकलेली आहे.

कुटुंबाचं नाव मूळ लेखकानेच बदललं तर? मुक्ताचंच घ्या. तो आधी ‘एक मुक्ता’ या नावाने आला होता, पुढे ‘मुक्ता’ झाला. जुन्या नावाने सजवलेली कागदपत्रं नव्या पॅकेजवर उघडली की फॉन्टकॉन्फिग गुपचूप दुसराच फॉन्ट देतं. उपाय म्हणजे पॅकेजसोबत एक छोटी कॉन्फ (फॉन्टकॉन्फिगला सूचना देणारी) फाइल द्यायची. तिच्यात एक एलियास (टोपणनाव): फॅमिली ‘एक मुक्ता’, त्याखाली ॲक्सेप्ट, त्यात फॅमिली ‘मुक्ता’, आणि एलियासला बाइंडिंग ‘सेम’. बाइंडिंग विसरलात तर पर्याय कमकुवत धरला जातो आणि भाषेच्या नियमांपुढे मार खातो. फाइलीच्या नावाची सुरुवात ३० ते ३९ मधल्या आकड्याने करा, कारण एका कुटुंबाऐवजी दुसरं देण्याचे नियम त्या पट्ट्यात असतात. ४० ते ४९ हा ‘हा फॉन्ट सॅन्स की सेरिफ’ सांगण्याचा पट्टा, आणि ६० ते ६९ मध्ये ‘सॅन्स मागितलं तर कोणकोणते फॉन्ट द्यायचे’ ते. फाइल /यूएसआर/शेअर/फॉन्टकॉन्फिग/कॉन्फ.अव्हेल मध्ये ठेवायची आणि /ईटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ.डी मधून तिला लिंक करायची.

एक मोह टाळा: मराठीसाठी आपलाच फॉन्ट आपोआप निवडला जावा म्हणून कॉन्फमध्ये ‘प्रीपेंड’ (यादीत पुढे घुसवा) आणि ‘स्ट्राँग’ (पक्कं धरा) लावू नका. डिफॉल्ट कोणता हे डिस्ट्रो ठरवते. प्रत्येक फॉन्टचं पॅकेज स्वतःला पहिला नंबर द्यायला लागलं, तर शेवटी निकाल फाइलींच्या नावांच्या वर्णानुक्रमावर लागतो.

आवृत्तीचा आकडा

फॉन्टवाले आवृत्ती दशांश अपूर्णांक म्हणून लिहितात, डीपीकेजी (डेबियनचा) आणि आरपीएम (फेडोराचा) हे पॅकेज मॅनेजर ती पूर्णांकांचे तुकडे म्हणून वाचतात. १.०५ नंतर १.१ आला तर माणसाला तो पुढचा वाटतो. पॅकेज मॅनेजरच्या हिशेबी ०५ म्हणजे ५, आणि १ हा ५ पेक्षा लहान, त्यामुळे १.१ ही जुनी आवृत्ती ठरते आणि अपडेट कोणाकडेच पोचत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दशांशानंतर तीन अंक करून टाका: १.०५० आणि १.१००. डेबियनच्या वॉच फाइलीत (मूळ लेखकाच्या नव्या आवृत्त्यांवर नजर ठेवणाऱ्या) ‘यूव्हर्जनमँगल’ने हे आपोआप करता येतं. आधीच चूक झाली असेल तर इपॉक, म्हणजे आवृत्तीच्या आधी येणारा वरचढ आकडा, लावणं भाग पडतं, आणि एकदा लागलेला इपॉक त्या पॅकेजला आयुष्यभर चिकटतो.

मूळ लेखक रिलीज काढतच नसेल, फक्त गिट या कोड-साठ्यात बदल टाकत असेल, तर तारखेची आवृत्ती घ्या. डेबियनमध्ये ०~गिट आणि पुढे तारीख, वर्ष-महिना-दिवस सलग. ती ० आणि टिल्ड यासाठी की उद्या खरा १.० आला तर तो मोठा ठरावा.

बांधणी

सोर्स, म्हणजे फॉन्ट ज्यावरून तयार होतो ती संपादनाची फाइल, असेल तर सोर्समधून बांधा. ग्लिफ्स फाइल असो की यूएफओ (हे सोर्सचे प्रकार), फॉन्टमेक हा बांधणीचा प्रोग्रॅम दोन्ही वाचतो; ग्लिफ्स हा प्रोग्रॅम मॅकवरच चालतो म्हणून अडून राहायला नको. एसएफडी हा तिसरा प्रकार असेल तर फॉन्टफोर्ज वापरा. हिंटिंग (पडद्यावर लहान अक्षर स्पष्ट दिसावं म्हणून दिलेल्या सूचना) विंडोजवरच्या बंदिस्त साधनाने केलेलं असेल तर तेवढं हुबेहूब परत येणार नाही. तिथे टीटीएफऑटोहिंट वापरा, तो देवनागरी ओळखतो. बांधून झाल्यावर मूळ लेखकाची फाइल आणि तुमची फाइल शेजारी ठेवून आकारांची संख्या आणि जीसब टेबल (जोडाक्षरांसारखे आकार बदलण्याचे नियम, म्हणजे फीचर, असलेलं) मिळतंय ना ते बघा. फॉन्टमेकच्या वेगळ्या आवृत्तीने एखादं फीचर गळालं, तर ते असंच सापडतं, एरवी नाही. तारखेचा शिक्का सोर्स_डेट_इपॉक या चलातून घेतला जातो, डेबियन तो चेंजलॉगवरून स्वतः लावतं, त्यामुळे दोनदा बांधलं तरी फाइल तीच यायला हवी.

डेबियनच्या कंट्रोल फाइलीत (पॅकेजच्या माहितीपत्रकात) आर्किटेक्चर: ऑल, सेक्शन: फॉन्ट्स, मल्टी-आर्क: फॉरेन. डिपेंड्समध्ये (सोबत कोणती पॅकेजं लागतात त्या रकान्यात) फक्त मिस्क:डिपेंड्सचं चल. फॉन्टकॉन्फिग तिथे घालू नका. त्याच्या पॅकेजमध्ये ट्रिगर असतो, फॉन्ट्स फोल्डरमध्ये काहीही पडलं की कॅश तोच नव्याने बनवतो. त्याच कारणाने पोस्टइन्स्ट (बसवल्यावर चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये एफसी-कॅश चालवण्याचीही गरज नाही. डेबहेल्पर-कॉम्पॅट १३ (डेबहेल्पर हा बांधणीचा मदतनीस) धरला तर बांधणीच्या सूचनांची रूल्स फाइल तीन ओळींत संपते. इन्स्टॉल फाइलीत एक ओळ: डावीकडे तारांकित *.टीटीएफ, उजवीकडे यूएसआर/शेअर/फॉन्ट्स/ट्रूटाइप/ आणि पुढे फॉन्टच्या नावाचं फोल्डर. ओटीएफ असेल तर ट्रूटाइपच्या जागी ओपनटाइप. वूफ फाइली वेबसाठी असतात, त्या इथे टाकू नका.

व्हेरिएबल फॉन्टच्या (एकाच फाइलीत सगळी वजनं असणाऱ्या) फाइलीचं नाव चौकटी कंसात अक्ष घेऊन येतं, जसं मुक्ता[डब्ल्यूजीएचटी].टीटीएफ. हे नाव इन्स्टॉल फाइलीत जसंच्या तसं लिहिलं तर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बांधणी पडते, कारण चौकटी कंस म्हणजे ‘यातलं कोणतंही एक अक्षर’ असं डेबहेल्पर समजतो. तारांकित नमुना लिहिला की प्रश्न मिटतो. स्थिर आणि व्हेरिएबल दोन्ही फाइली एकाच पॅकेजात देऊ नका. दोघांचं कुटुंबनाव एकच असतं आणि कोणती उचलली जाईल ते प्रत्येक प्रोग्रॅमवर वेगळं ठरतं. पुस्तकं जुळवणाऱ्यांसाठी स्थिर फाइलीच बऱ्या. झीटेक या टेकच्या प्रकाराची पीडीएफ बनवणारी बाजू व्हेरिएबल फॉन्ट नीट पेलत नाही.

फेडोराकडे फॉन्ट्स-आरपीएम-मॅक्रोज हा तयार सूचनांचा (मॅक्रोंचा) संच आहे. स्पेक (बांधणीच्या) फाइलीत फाउंड्री, फॉन्टलायसन्स, फॉन्टफॅमिली, फॉन्टसमरी, फॉन्ट्स, फॉन्टकॉन्फ्स आणि फॉन्टडिस्क्रिप्शन एवढी चलं भरायची; मग फॉन्टपीकेजी, फॉन्टबिल्ड, फॉन्टइन्स्टॉल, फॉन्टचेक, फॉन्टफाइल्स हे मॅक्रो आपापल्या जागी. ॲपस्ट्रीमची मेटाइन्फो फाइल (सॉफ्टवेअरच्या यादीत दिसणारी माहिती) तेच बनवतात. बिल्डआर्क: नोआर्क. आरपीएम बांधताना फॉन्ट वाचून आपोआप दोन प्रकारचे प्रोव्हाइड्स (‘हे पॅकेज काय पुरवतं’ अशा नोंदी) लावतं: फॉन्ट(मुक्ता) आणि फॉन्ट(:लँग=एमआर), यातलं एमआर म्हणजे मराठी. तयार आरपीएमवर ‘आरपीएम -क्यूपी --प्रोव्हाइड्स’ चालवून त्यात एमआर दिसतं का ते बघाच. दिसलं नाही, तर ‘मराठीसाठी फॉन्ट हवा’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमला तुमचं पॅकेज सापडणारच नाही.

एमआर दिसलं म्हणून मराठी येतं असं नाही

फॉन्टकॉन्फिग भाषा ठरवतं ती अक्षरांच्या यादीवरून. यादीतल्या जागा भरलेल्या असल्या की झालं. जोडाक्षरं लागतात का, हे ते बघत नाही. म्हणून हार्फबझ या अक्षरं जोडून दाखवणाऱ्या साधनाची एचबी-व्ह्यू कमांड ‘--लँग्वेज=एमआर’ देऊन चालवा आणि एवढा मजकूर डोळ्यांनी बघा: ॲप, ऑफिस, दुसऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हास, आचार्यास, आचाऱ्यास, शाळा, लाल, श्री, ज्ञान, त्र्यंबक.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं आणि शब्दाच्या मध्येच दुसऱ्या फॉन्टचं अक्षर डोकावतं. ‘आचार्यास’मध्ये रफार डोक्यावर जायला हवा, ‘आचाऱ्यास’मध्ये ऱ्या असा आडवा र दिसायला हवा, दोन्ही सारखे दिसले तर फॉन्ट मराठीसाठी तपासलेलाच नाही. ल आणि श यांचे मराठी आकार बऱ्याच फॉन्टांत ‘एलओसीएल’ या भाषेनुसार आकार बदलणाऱ्या फीचरमागे असतात, म्हणून भाषा न देता आणि एमआर देऊन अशा दोन्ही वेळा चित्र काढून शेजारी ठेवा. फरक पडायला हवा होता आणि पडला नाही, तर ओटीएफइन्फो ‘-एस’ने फॉन्टमध्ये मराठीची नोंद आहे का ते बघा. ‘देव’ आणि ‘देव२’ या फॉन्टमधल्या देवनागरी लिपीच्या जुन्या व नव्या खुणा. फॉन्टात दोन्ही असून मराठीची नोंद फक्त जुन्या ‘देव’खाली असेल, तर आजचे प्रोग्रॅम तिच्याकडे बघतही नाहीत. हे पॅकेजरने नीट करायचं नसतं, पण दोन चित्रं जोडून केलेली तक्रार मूळ लेखक लवकर मनावर घेतो.

टेकवाल्यांसाठी

झीलाटेक हा टेकचा प्रकार लिनक्सवर फॉन्ट फॉन्टकॉन्फिगमार्फत नावाने शोधतो, म्हणून वेगळं काही करावं लागत नाही. लुआलाटेक हा दुसरा प्रकार स्वतःची यादी ठेवतो. नवा फॉन्ट दिसला नाही तर ‘लुआओटीएफलोड-टूल --अपडेट’ चालवायचं, आणि देवनागरीसाठी फॉन्टस्पेकमध्ये (टेकमध्ये फॉन्ट निवडण्याच्या पॅकेजमध्ये) रेंडरर हार्फबझ ठेवायचा, नाहीतर जोडाक्षरं विस्कटतात. दोन्हीकडे स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी द्यायलाच हवी, तरच वरचे ल आणि श मिळतात.

आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्ट टेक लाइव्हमध्ये आधीच आहे. असा फॉन्ट स्वतंत्र पॅकेजात आणताना दोन प्रती होतात, आणि आवृत्त्या वेगळ्या झाल्या की एकाच मशीनवर नावाने मागितला तर एक आणि फाइलीने मागितला तर दुसरा असा घोळ होतो. खरी फाइल सिस्टीमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ठेवून टेकच्या फोल्डरांच्या झाडातून तिला सिमलिंक (नुसता निर्देश) द्या.

शेवटची तपासणी

स्वच्छ जागी बांधा: डेबियनसाठी एसबिल्ड, फेडोरासाठी मॉक. मग लिंटियन किंवा आरपीएमलिंट या चुका शोधणाऱ्या साधनांनी तपासा. लिंटियन ‘डुप्लिकेट-फॉन्ट-फाइल’ म्हणालं तर खरोखरच तीच फाइल दुसऱ्या पॅकेजात आहे का ते बघा. असेल तर आपली प्रत काढा आणि त्या पॅकेजवर अवलंबून राहा.

नंतर रिकाम्या मशीनवर बसवा. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर फॅमिली’ने कुटुंब एकदाच आणि बरोबर नावाने दिसतं का बघा. फॉन्ट बसला की नाही हे एफसी-मॅचवरून ठरवू नका. ती कमांड कधीच ‘नाही’ म्हणत नाही, जवळचा वाटेल तो कोणता तरी फॉन्ट हातात देते. तिचा उपयोग एलियास तपासायला: ‘एक मुक्ता’ मागून उत्तरात मुक्ता आला तर कॉन्फ चालतेय. नावात हायफन असेल तर त्याआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर हायफननंतरचा भाग पॉइंट साइझ म्हणून वाचला जातो. आणि चाचणीच्या मशीनवर होमच्या .लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये त्याच फॉन्टची जुनी प्रत पडलेली नाही ना, हे आधी पाहून घ्या.

पॅकेजचं नाव पुढे बदलावंच लागलं तर नव्या पॅकेजात ब्रेक्स आणि रिप्लेसेस (जुन्याची जागा घेतो असं सांगणारे रकाने), जुन्या नावाचं रिकामं संक्रमण-पॅकेज ओल्डलिब्स सेक्शनमध्ये, आणि ते निदान एक स्थिर रिलीज तरी राहू द्या. फेडोरात त्याच कामाला ऑब्सोलीट्स आणि प्रोव्हाइड्स. ऑब्सोलीट्समध्ये आवृत्तीची मर्यादा घालायला विसरू नका.